सुताराचा व्हिसा

फहाहीलच्या त्या खोलीत आम्ही तिघे.
शरफुद्दीन परकार, खेडजवळच्या फुरूसचा, शटरिंगचा सुतार.
इनास तुस्कानो, वसईकडचा, नंदाखालचा, वेल्डर.
आणि मी, भांडारात नट-बोल्ट मोजणारा.

सुट्टी शुक्रवारी, म्हणून इथे मिसाही शुक्रवारीच.
सकाळपासून एक टोपी शोधतोय, एक इस्त्री,
आणि दुपारी दोघे एकाच पातेल्यावर,
सुरमईच्या रश्शात खुबूस बुडवून.
तेव्हा मला वाटायचं,
हसूही खुबूससारखंच असणार,
सरकारी दराचं, सगळ्यांना एकाच मापाचं.

शरफूभाई सांगायचा
सज्द्यात झोपलेल्या मुतवल्लीची गोष्ट.
शेजारचे म्हणाले, काय हा बंदा, डोकंच उचलत नाही!
मग घोरणं ऐकू आलं.
इनास सांगायचा स्वर्गाच्या दारावरच्या पेत्रूची,
किल्ल्यांचा जुडगा वाजवत
केळीवाल्याकडे कमिशन मागणाऱ्या.
शरफूभाई हसला होता त्याला
ठसका लागेपर्यंत, डोळे पुसत.

त्या शुक्रवारी इनास म्हणाला, नवीन ऐका.
येशू येतो कुवेतच्या विमानतळावर.
खिडकीतला विचारतो, धंदा?
सुतार.
सुताराचा व्हिसा बंद आहे. बरं, बापाचं नाव?
येशू डोकं खाजवतो,
कुठल्या लिहू साहेब, वरच्या की खालच्या?

मी हसलो. एकटाच.
शरफूभाईने ताटावर ताट झाकलं
आणि जिन्यात जाऊन बसला.
रागावला असता तर सोपं होतं,
राग कसा काढायचा ते खोलीला माहीत होतं.

इनास मागोमाग गेला.
अरे, देव माझा, आणि लागलं तुला?
शरफूभाई बराच वेळ चपलेचा अंगठा दाबत राहिला.
तुझा आहेच रे. आमच्यातपण हाय तो. ईसा.
नाव घेतलं की सलाम म्हणतो आम्ही.
तू घरातला, तू त्याची दाढी ओढशील.
माझ्याकडे अमानत हाय. मला नाय जमायचं.

रात्री एसीच्या घरघरीत
इनास छताशी बोलत होता.
आमचा तर माणूसच झाला ना रे.
माणूस झाला म्हणजे भूक आली, घाम आला,
पायात काटा आला. मग चेष्टा तेवढी कशी चुकेल?
माझी आय कालवण करपलं की त्यालाच ओरडते,
वर लटकून बघत काय राहिलास म्हणून.

अंधारातून शरफूभाई,
तुझी आय बोलते, तिला बोलू दे.

मी पडून होतो.
आमच्या गावात शिमग्याला देवासमोरच बोंब मारतात,
हे सांगावंसं वाटलं, मग नाही सांगितलं.
ती भर घालून उपयोग नव्हता.

पुढे कुणी विषय काढला नाही.
पेत्रूचा जुडगाही वाजायचा थांबला काही दिवस,
मग एकदा नुसताच खुळखुळला.

मार्चमध्ये इकाम्याच्या नूतनीकरणाला गेलो.
शरफूभाई खिडकीशी, मागे इनास, मागे मी.
काचेपलीकडचा पोरगा, वर न बघता,
धंदा?
नज्जार, शरफूभाई म्हणाला. सुतार.
बापाचं नाव?

आणि ज्याने पन्नास फॉर्मांवर
अब्दुल लतीफ, अब्दुल लतीफ लिहिलं होतं,
त्याला ते नाव सापडेना.
इनास फरशीच्या फटी मोजत होता,
कान लाल.
पोरग्याने पुन्हा विचारलं.
शरफूभाई हसला असं मी म्हणणार नाही.
दाढी हलली, एवढंच.

बाहेर पायरीवर उन्हात थांबून
तो हळूच काहीतरी पुटपुटला,
ते नाव घेतल्यावर म्हणतात ते.
इनासने ऐकलं,
आणि तीन चहा सांगायला पुढे गेला.