खरं आणि चालू

लिनेट, बुटांच्या खोक्यातल्या पावत्या काढ.
विजेचं बिल पहिल्यांदा दोघांच्या नावावर आलं, तो मार्च.
तू ते पाकीट आधी फोडलंच नाहीस,
नुसतं उलटसुलट करून पाहिलंस
आणि फ्रिजवर लावलंस
जशी कुणी पत्रिका लावावी.

फॉर्म विचारतो,
नातं खरं आहे का, चालू आहे का.
मी म्हटलं, चालू तर आहेच.
तुझी बहीण शेरिल म्हणाली, माणूसच चालू आहे.
आणि मग तिनंच साक्षीदार म्हणून सही केली,
चहाचा मग कागदावर टेकवून.
आपल्याबद्दलच्या तिच्या साडेसात ओळींवर
एक तपकिरी गोल उमटला. राहू दे म्हणालीस.

दुसरी साक्ष मासेवाल्या कोस्टाची.
त्यानं लिहिलं: दर शुक्रवारी येतात,
ती व्हायटिंग मागते, तो डोकी मागतो,
एकाच पिशवीत नेतात.

चार वर्षं मी ग्रँटच्या कागदावर राहिलो.
क्रेनचे ब्रेक, लोडरचे पंप,
रविवारी सकाळी सहाला वाजणारा फोन.
'नाही' हा शब्द मला इंग्रजीत येत होता,
हिलिगायनोनमध्ये तर लहानपणापासून येत होता,
त्याला फक्त व्हिसा नव्हता.
ग्रँट वाईट माणूस नाही. असता तर सोपं गेलं असतं.
आईच्या ऑपरेशनच्या वेळी त्यानं इलोइलोचं तिकीट काढून दिलं
आणि मग वर्षभर, दर शनिवारी,
ते माझ्यासमोर थोडं थोडं फाडत राहिला.

जूनमध्ये आपण पॉइंट लोलीला गेलो होतो,
थंड पाण्यात तोंड बुडवून माकुलं बघायला.
मोठे नर पहारा देत होते, अंगावर पट्टे पळवत.
आणि एक छोटासा, मादीचे रंग पांघरून
त्यांच्या नाकाखालून आत शिरला.
तू पाण्यातच हसलीस, नळीत पाणी गेलं.
तो फोटो आपण जोडला आहे. क्रमांक एकतीस.
हसण्याचं कारण लिहिलेलं नाही.

फी भरायला माझी यूट विकली.
अर्ज गेला त्याच रात्री उत्तर आलं:
ब्रिजिंग व्हिसा मंजूर.
मी राजीनामा आधीच लिहून ठेवला होता, चांगल्या कागदावर.
मग आपण खालची बारीक अक्षरं वाचली.
पूल दिला आहे,
पण जुना व्हिसा संपेपर्यंत त्यावर पाय ठेवायचा नाही.
अकरा महिने.
सोमवारी मी डबा घेतला आणि कामावर गेलो.
राजीनामा ओव्हरऑलच्या खिशात, ग्रीसनं हळूहळू पारदर्शक होत.

एक गोष्ट कुठल्याच रकान्यात बसली नाही.
त्या बुधवारी तू म्हणालीस,
खिडकी उघडी ठेवत जाऊ नकोस, लाल धूळ येते,
आणि मी म्हटलं, हो.
शेरिलकडे ख्रिसमस? हो.
भिंतीला हा पिवळा? हो.
तू ब्रश खाली ठेवलास.
म्हणालीस, हा आवाज मला माहीत आहे,
ग्रँटचा फोन आला की तू असाच बोलतोस.

मी काय सांगणार होतो?
की आधी माझ्या नावापुढे एक सही होती
आणि आता दुसरी आहे,
की तुझ्याशी भांडताना मला
खोक्यातल्या पावत्या सुटून उडताना दिसतात?
सांगितलं. मोडक्यातोडक्या शब्दांत, स्टूलवर बसून.
तू बराच वेळ काही बोलली नाहीस.
बाहेर खनिजाची गाडी गेली, डबे मोजण्याइतकी हळू.

मग तू म्हणालीस, पुन्हा विचारते.
खिडकी लावतोस का?

'इंदी,' मी म्हटलं.

अर्थ तू विचारला नाहीस.
उठलीस, चिडून, दोन्ही हात पिवळे,
आणि स्वतःच लावलीस खिडकी,
काचेवर पाच बोटं सोडून.
मी उठून ती परत उघडली.