उजवीकडे

दिवाळे गावच्या गल्लीत दोन माणसं समोरासमोर आली
की एकाला भिंतीला पाठ लावावी लागते.
माझे वडील लांबूनच थांबायचे,
मग उजवीकडे सरायचे.
समोरचा मात्र जगाच्या रीतीने डावीकडे,
म्हणजे थेट त्यांच्या अंगावर.
निवट्यांची पाटी डोक्यावर घेतलेली रखमाय ओरडायची,
"अरं हाशा, तुजी उजवी कंची?"
ते आपला उजवा हात वर करून दाखवायचे.
शाळेतल्या मुलासारखा.

ते सात वर्षांचे असताना आल्बेरिया बुडाली.
गावात तिला आलबेरी म्हणत, कुणाच्या थोरल्या लेकीचं नाव असावं तसं.
आठ मजले, वर पियानो, कुंड्यांतली ताडाची रोपं,
आणि सगळ्यांत खाली, भट्टीच्या तोंडाशी
पोशा हऱ्या कोळी, माझा आजा.
खाडीवर वाढलेला माणूस,
नोकरी अशी की महिनोन् महिने पाणी दिसू नये.

चौकशीचा अहवाल मी वाचला साठी उलटल्यावर,
शब्दकोश मांडीवर घेऊन.
धुकं होतं. दोन भोंगे होते.
नियम आहे: समोरासमोर आलात
तर दोघांनीही उजवीकडे वळा.
आल्बेरिया उजवीकडे वळली.
गव्हाने भरलेली ती दुसरी बोट डावीकडे.
का, ते तिच्या कप्तानाला तीन दिवस विचारलं.
शेवटी दोष वाटून दिला:
तीन हिस्से त्यांचा, एक हिस्सा आमचा,
किनाऱ्यावर म्हावऱ्याचे वाटे लावतात तसा.

मागे यादी आहे.
पहिल्या वर्गाचे एकशे बारा, गावांसकट,
एका बाईच्या कुत्र्याचंही नाव.
त्याखाली एक ओळ:
आणि देशी खलाशी, एकसष्ट.

एकसष्टांतले तीन आमच्या गल्लीतले.
करावे गावचा जोमा वाचला.
"च्या आनाया वर गेलतो," एवढंच सांगायचा,
आणि पुढे आयुष्यभर चहा प्यायला नाही.

भरपाईच्या कागदावर चांगुणाने अंगठा उठवला.
रकमेसमोर नाव होतं: पूसा हारिया, कोळसा.
हा हुद्दा, की आडनाव,
कारकुनाला विचारणार कोण?

घरात राहिली ती पत्र्याची नळी.
खलाशाचं पुस्तक तिच्यात असतं;
पुस्तक बोटीबरोबर गेलं.
वडील लहानपणी तिला तोंड लावून भोंगा वाजवायचे,
आई धावून यायची, हिसकावून घ्यायची.
पुढे मिठागरं गेली, जमिनी गेल्या,
साडेबारा टक्क्यांचे कागद आले
ते त्यांनी गुंडाळून त्याच नळीत ठेवले.
झाकण गंजलं होतं. उघडताना दर वेळी
बोटांवर थोडं लाल यायचं.

एकदा मी विचारलं, खरंच,
तुम्ही उजवीकडेच का वळता?
जाळ्याची गाठ सोडवत म्हणाले,
"वरच्याला ठावं असतं कंच्या अंगाला वलायचं.
खाली निस्ती घंटा वाजते.
फूल. हाफ. ष्टाप.
खाली उजवं-डावं नसतं, पोरा."
माझ्या प्रश्नाचं हे उत्तर नव्हतं.
गाठ सुटली नाही, त्यांनी ती दातांनी तोडली.

नेरुळच्या हॉस्पिटलात, शेवटच्या आठवड्यात,
त्यांना फोटो काढायला खाली नेत होते.
लांब बोळ, पांढरे दिवे,
समोरून दुसरा स्ट्रेचर आला.
चादरीखालून वडिलांचा उजवा हात निघाला, थरथरत,
वर झाला.
वॉर्डबॉय मोबाइलवर बोलत होता.
तो डावीकडे वळला. समोरचाही डावीकडे.
चाकाला चाक घासलं नाही.

वडिलांनी मान वळवून त्या दुसऱ्याकडे पाहिलं.
तो छताकडे बघत होता, डोळे उघडे,
कुठे वळलो याचा पत्ता नसलेला.
हाताला पट्टी होती, पट्टीवर नाव असणार.
मला वाचता आलं असतं.