मोटार जळली तर

हेडाऊ कूलर वर्क्स, गोळीबार चौक.
पत्र्याच्या शेडमध्ये ओल्या वुडवूलचा वास
आणि माझ्या लॅपटॉपवर बत्तीस स्लाइड.
पहिलीवर मी लिहिलं होतं :
‘शीतलतेच्या नव्या युगात आपले स्वागत.’

लहानुजी हेडाऊंनी चष्मा पुसला, वाचलं.
“युग म्हणजे किती लिटरचं?”

मी हसले. ते हसले नाहीत.
हातातलं टाकीचं बूच फिरवत म्हणाले,
“वाचणारा उन्हातून आलेला राहते, पोरी.
त्याले पाणी दे आधी,
मंग नावगाव विचार.”

त्या रात्री धरमपेठेतल्या खोलीत
विशेषणं काढत बसले.
अत्याधुनिक गेलं. जागतिक दर्जाचं गेलं.
ग्राहकाभिमुख जाताना जरा दुखलं,
त्या शब्दावर मी एकदा बक्षीस घेतलं होतं.
मग कर्मणी वाक्यं उकलायला घेतली,
एकेकाचा कर्ता शोधत.
एका ठिकाणी तो सापडलाच नाही :
‘तक्रारींचे त्वरित निवारण केले जाईल.’
कोण करणार, हे वाक्यालाच ठाऊक नव्हतं.
खोडलं.

उरलं ते एवढं :
टाकी सत्तर लिटरची.
रात्री अकराला भरा,
पहाटेपर्यंत उठावं लागणार नाही.
आणि लहानुजींच्या हट्टानं आणखी एक ओळ :
पावसाळ्यात चिकचिक होते, तेव्हा बंद ठेवा.

फेब्रुवारीत, वर्धा रोडवरच्या हॉटेलात
वरुड, उमरेड, चंद्रपूर, गोंदियाचे डीलर,
मांडीवर तर्रीपोह्यांच्या प्लेटा.
सहा स्लाइड, सात मिनिटं.
एकानंही मोबाइल काढला नाही,
मी मनात मोजत होते.

मागच्या रांगेतून गोंदियाचे रहांगडाले उठले.
“बाई, सारं समजलं.
मोटार जळली त कोण येते?”

मी रिमोटनं उगाच मागे गेले, पुढे गेले.
सहांतल्या एकीतही नव्हतं.

लहानुजी खुर्चीतूनच म्हणाले,
“मी येतो.”
“गोंदियाले?”
“गोंदियाले.”

त्या दुपारी ऑर्डरचं पुस्तक भरलं.
पुढे प्रत्येक खोक्यावर मीच छापून घेतलं :
मोटार जळली तर मी येतो. लहानुजी हेडाऊ.
खाली त्यांचा नंबर.
टाइप मोठा घे, एवढंच ते म्हणाले.

मे महिना, दुपारचे अडीच. फोन आला.
“भंडाऱ्याच्या पुढे एसटीत आहो,
मांडीवर मोटार.
तुह्या वाक्यानं मारलं ना वो मले.”
हसत होते की धापा टाकत होते,
गाडीच्या खडखडाटात कळलं नाही.

माझ्यासमोर नवं काम उघडं होतं,
सदरमधल्या एका दवाखान्याचं माहितीपत्रक :
‘आपल्या रुग्णाची घरच्यासारखी काळजी घेतली जाईल.’
कर्सर लुकलुकत राहिला
त्या ‘जाईल’पाशी.