निंदणी

तक्ता दोनशे सतरा ओळींचा होता.
एकेका ओळीपुढे एकेक मुदत:
तीन वर्षे, सात वर्षे, लेखापरीक्षण होईपर्यंत,
लेखापरीक्षण झाल्यावर आणखी तीन,
आणि एका ओळीपुढे नुसतंच – साहेबांना विचारणे.
ते साहेब दोन हजार नऊला निवृत्त झाले.

मी सर्व्हरवाला. महापेहून बेलापूरला धाडलेला,
‘सोपं करून द्या’ एवढ्याच आदेशावर.
मशीनला ‘विचारणे’ कळत नाही.
तिला तारीख लागते.

अभिलेख कक्ष तळमजल्यावर. मागे खाडी,
उधाणाच्या दिवसांत भिंतींना मीठ फुटतं.
तिथे हसुराम मढवी, निवृत्तीला अकरा महिने,
लाल रुमालाची गाठ अशी मारतात
की एका ओढीत सुटावी, आपसूक कधीच नाही.
त्यांनी माझा तक्ता पाहिला, चष्मा काढला.
“तुमी निंदणी म्हनता, आमची आय बेननी म्हनायची.
तण किती जातींचं, तिनं कधी मोजलं नाय.
भात ठेवायचा, बाकी उपटायचं.
पन पयल्या पंधरा दिवसांत
भात आन् तण सारखंच दिसतं, साहेब.”

मग आम्ही बसलो. नऊ दुपारी.
एकाच परिपत्रकाच्या चौदा प्रती निघाल्या;
हसू नका म्हणालो, माझ्या सर्व्हरवर
‘अंतिम’, ‘अंतिम सुधारित’, ‘अंतिम हाच’
आणि ‘हाच नको’, सगळे जिवंत आहेत.

मढवी प्रत्येक गठ्ठा हातात घेऊन एकच विचारत:
हा कागद कुनाची वाट बघतोय?
कोर्टाची? मग हात लावू नका.
हिशेबनिसाची? तो येऊन गेला.
कुणाच्या पेन्शनची? माणूस आहे अजून?
वाट संपली, की त्या दिवसापासून मुदत मोजायची.
दोनशे सतरा ओळी अशा विरघळत गेल्या,
उरली पाच अक्षरं: अ, ब, क-एक, क, ड.
अ म्हणजे कायम, आणि ड म्हणजे एक वर्ष.
पानभर झालं नाही.

आठव्या दुपारी, ड च्या ढिगात, एक अर्ज.
बारकीबाई नामा भोईर, करावे.
सन एकोणीसशे शहाऐंशी. दुसऱ्याच्या अक्षरात, खाली अंगठा.
‘मोजणीत माझी दोन चिंचेची झाडं धरली नाहीत, तरी धरावी.’
कोपऱ्यात शिक्का: कार्यवाहीत.
मी म्हणालो, एक वर्ष केव्हाच उलटलं.
ते म्हणाले, उत्तर गेलं का?

आवक होती. जावक नव्हती.

मशीनमध्ये तारखेचा रकाना रिकामा ठेवला
तर ती समजते, कधीच नाही.
हे मी त्यांना सांगितलं. त्यांना ते आवडलं नाही.
“कधीच नाय म्हंजे तिनं कायम बसून राहायचं?”
त्यांनी कोरा कागद घेतला. संदर्भ, विषय,
‘आपला दि. अमुकचा अर्ज’, अमुक अडतीस वर्षांपूर्वीचा,
प्रति, वारस.
झाडं नोंदीत नव्हती, आता तिथे रस्ता आहे,
विलंबाबद्दल दिलगीर आहोत.
साहेबांनी ‘दिलगीर’ खोडलं. मढवींनी पुन्हा लिहिलं.

पत्र त्यांनी स्वतः नेलं, स्कूटरवर.
नातसुनेनं सही केली, पाणी दिलं,
चिंच कुठे होती ते कुणालाच आठवेना.

पोच लागली. मुदत सुरू झाली.
पुढच्या जूनच्या अकराला मशीन तो अर्ज पुसेल.
तारीख मीच टाकली आहे.
मशीननं विचारलं, नक्की?
मी जरा वेळ लावला.

रद्दी तुर्भ्याला गेली, दोन टेम्पो.
रिकामे रुमाल मढवींनी धुऊन काढले,
मागच्या कठड्यावर ओळीनं वाळत घातले.
खाडीचा वारा होता. लालच लाल.
वॉचमन वर बघत म्हणाला,
आज कुणाची मिरवणूक आहे का?