निळी गाडी

उणे एकोणीस.
सुपिरियर सरोवरावरून येणारा वारा
जपमाळेचा मणी मोज्यातूनही बोटाला चिकटवतो.
आम्ही सहा जण, क्लिनिकसमोरच्या फुटपाथवर,
राखेच्या रेषेच्या अलीकडे.
रेष पोलिसांनी नाही, आमच्याच काझिमिरनं आखली,
घरच्या शेगडीतली राख बादलीतून आणून.
"पाऊल याच्या पुढं नाही. आवाजही नाही," म्हणाला.
चाळीस वर्षं धक्क्यावर जहाजांत लोहखनिज भरलेला माणूस,
कुठल्या बाजूला किती वजन टाकलं की काय कलतं
हे त्याला ठाऊक.

फलक आता नाहीत.
दोन वर्षांपूर्वी होते.
एका पोरीनं ते बघून तोंड झाकून घेतलं,
तेव्हा विल्हेल्मिना काही न बोलता ते गोळा करून घरी घेऊन गेली
आणि उन्हाळ्यात पाहिलं तर
गॅरेजमध्ये उलटे पसरलेले,
त्यांवर टोमॅटोची रोपं.

नमो मारिया, कृपापूर्णे.
तिसऱ्या रहस्यापाशी ऑगस्टिनाचा आवाज दरवेळी घसरतो.
ती सांगत नाही.
आम्ही पुढची ओळ जरा मोठ्यानं म्हणतो, इतकंच.

अकराच्या सुमारास दार उघडलं.
विशीची असेल. डोक्याला टोपी नाही.
रेष ओलांडून सरळ आमच्याकडेच आली
आणि मी मनात वाक्यं जुळवू लागले,
तळघरातल्या शिबिरात शिकवलेली,
मऊ, घडी घातलेली, न दुखावणारी वाक्यं.

ती म्हणाली,
"कुणाकडे जंपर केबल आहे का?"

काझिमिरनं ट्रक वळवला.
लाल चिमटा, काळा चिमटा,
बॉनेटखाली दोन डोकी, एक पांढरं, एक उघडं.
फादर ओक्वुओसांचा हा इथला चौथा हिवाळा,
अजून डावा हातमोजा उजव्या हातात घालतात.
त्यांनी थर्मासच्या झाकणातून तिला कॉफी दिली.
साखर नव्हती, त्याची तेवढी माफी मागितली.

ती आत कशाला गेली होती,
काय झालं, की काहीच झालं नाही,
कुणी विचारलं नाही.
माझ्या ओठांवर आलं होतं.
पण ते माझं कुतूहल होतं, माझी माया नव्हती,
आणि थंडीत या दोहोंची वाफ सारखीच दिसते.

गाडी दोनदा खोकली, मग लागली.
बाहीनं काचेवरचा बर्फ पुसून ती निघाली,
कोपऱ्यावर दिवा न दाखवताच वळली.
"अरे, दिवा!" काझिमिर पुटपुटला,
जपाच्या मधोमध.

शुक्रवारी चर्चच्या तळघरात मासे तळतो.
तेलाचा धूर, ओले बूट, टेबलाखाली कुणाची तरी जुळी.
सतरा वर्षांची मार्सेलिन कोबीची कोशिंबीर वाढते,
पोट टेबलाच्या कडेला टेकवून.
तिच्यासाठी पाळणा रंगवायचाय,
त्यावरून दोन म्हाताऱ्यांचं तीन आठवडे वाजलंय:
पिवळा की हिरवा.
हेच लोक शरद ऋतूत तिच्या आईकडे बघून
बाकावर सरकून बसले होते.
हेच म्हणजे, मीही.
तिनं मला माशाचा मोठा तुकडा वाढला.
खाली मान घालून खाल्ला.

रविवारी मिस्सात विनवण्या वाचल्या जातात.
आजाऱ्यांसाठी. समुद्रावर असलेल्यांसाठी.
पोटातल्यांसाठी, आणि त्यांना वाहणाऱ्यांसाठी.
मग काझिमिरची चिठ्ठी, त्याच्या तिरक्या अक्षरात:
निळ्या गाडीवालीसाठी.
प्रभो, आमची प्रार्थना ऐक.
नवा वाचक अडखळला, पुन्हा वाचलं,
आम्ही पुन्हा म्हटलं.

"ती बॅटरी फार दिवस टिकायची नाही,"
पायऱ्या उतरताना तो दर रविवारी सांगतो.
ट्रकच्या सीटमागं त्यानं एक ठेवलीय,
जुन्या ब्लँकेटात गुंडाळून,
गारठू नये म्हणून.