मोरी

बाविसाव्या दिवशी मला वाटलं, दूध आटलं.
रात्रभर बाळ ओढत राहिलं,
ओहोटीला अडकलेल्या होडीने
वाळूत नाक खुपसावं तसं.
नवरा ट्रॉलरवर, फोन रेंजबाहेर.
सासू काही बोलली नाही.
पहाटे पाटी घेऊन निघाली.

चार दिवस वारा. होड्या वर ओढलेल्या.
सर्जेकोटला मोरी नव्हती.
मालवणच्या लिलावात दोन होत्या,
हॉटेलवाल्याने बोली चढवली
नि ती मागे सरली.
देवबागला एकाकडे हातभर मोरी,
तीही घरच्यासाठी बाजूला काढलेली.
तिथे ती एवढंच म्हणाली,
"घरात बाळंतीण आसा."
त्याने पैसे घेतले नाहीत.
(हे मला नंतर बाब्या रिक्षावाल्याने सांगितलं.
ती सांगणाऱ्यातली नाही.)

इकडे आशाताई आल्या, काटा घेऊन.
बाळाला झोळीत टांगलं.
"अगं, वजन वाढलंय! दूध पुरतंय त्याला.
तू काय खातेस?"
मी म्हटलं, पेज. भाजलेला लसूण. अळिवाची खीर.
वांगं नको म्हणतात. वाल नको. पेरूने बाळाला सर्दी.
परवा शेजारच्या काकीने पाणीसुद्धा मोजून प्यायला सांगितलं.
त्या कुंपणाकडे बघत म्हणाल्या,
"शेवगा आहे की दारात. पाला खुड.
डाळ खा, अंडं खा, भूक लागेल तेवढं खा.
आणि पाणी पी गं, दूध काय हवेतून येतं?"

दुपारी दोनला सासू आली.
पायाला वाळू, पदराला खवले.
मी म्हटलं, वजन वाढलंय, दूध पुरतंय.
"काटो काय ता सांगांदे. तू जेव."

उकळतं पाणी ओतून तिने मोरीची खरखरीत कातडी घासली.
खोबरं, काळी मिरी, तिरफळं दोनच.
मिरची नाही. उकडा भात.
मी एका हाताने जेवले, दुसऱ्यावर बाळ.
ती समोर बसून माझे घास मोजत होती.

मग वाटीत रस्सा वाढता वाढता,
जणू मिठाबद्दल बोलावं तसं,
"मधल्याच्या वेळेक बंदर बंद होता.
पेजेची निवळ, तीच मी प्यालंय, तीच त्याका."

या घरात दोन मुलगे मोजतात.
मधला मी कधी ऐकला नव्हता.

घास तोंडात फिरत राहिला.
टोपात एक तुकडा उरला होता,
मी तो तिच्या ताटलीत टाकला.
तिने परत माझ्या.
मी परत तिच्या.
तिसऱ्या खेपेला वाटेतच
मांजराने पंजा मारला नि तुकडा घेऊन पसार.

शिवी देता देता ती हसली, मग मीही,
इतकी, की बाळ दचकून सुटलं
आणि दुधाची चिळकांडी उडाली
थेट त्याच्या कानात.