अंजनाची मूठ

सिलिंडरवर महिना आणि साल ठोकलेलं आहे.
यंदाच्या आखाजीच्या आसपास
माझ्या पिस्तुलाचा श्वास कायद्यानं संपतो.
हा त्याचा दुसरा सिलिंडर.
नळीला मात्र तारीख नाही.
डोळा लावला की ती अजून
विहिरीच्या तळासारखी चकाकते.

पुण्याचा दुकानदार फोनवर म्हणाला,
मॅडम, जुन्यात पैसे घालू नका.
नवीन मॉडेल घ्या, धक्का जवळजवळ नाहीच,
ट्रिगर असा, की मनात आलं नि सुटला.
मी म्हटलं, माझ्या मनात फार काय काय येतं.
तो हसला नाही. त्यानं किंमत सांगितली.

मी मोजणी खात्यात आहे.
दिवसभर साक्रीकडच्या बांधांवर
दोन भावांच्या मध्ये उभी राहून
वीतभर जमीन कुणाची ते सांगते.
संध्याकाळी देवपुरात, बंद पडलेल्या तेलाच्या मिलमध्ये,
जिथे भिंतींना अजून सरकीचा वास आहे,
दहा मीटरवरचं
साडेअकरा मिलिमीटरचं वर्तुळ शोधते.
तिथे भांडायला कुणी नसतं.
हात तेवढा हुज्जत घालतो.

नाशिकहून आलेल्या एका पोरानं
त्याचं नवं पिस्तूल दहा गोळ्यांपुरतं दिलं.
निळं, हलकं,
हातात घेतलं की आपणच उशिरा आलोय असं वाटणारं.
ब्याण्णव झाले.
माझ्या जुन्यानं एक्याण्णव होतात.
एका गुणाचे पावणेदोन लाख.
पुढ्यातल्या कागदावर हिशेब मांडला
आणि कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. फाडला नाही.

मग सोनगीरला, सुपडू मिस्तरींकडे.
त्यांनी मूठ सोडवली, स्क्रू वाटीत टाकले,
आतली लांबी पटाशीच्या टोकानं उकरली.
पांढरी. तिच्याखाली पिवळी.
तिच्याखाली राखाडी, दगडासारखी.
पांढरी माझीच, पहिल्या उन्हाळ्यातली.
पिवळ्या थरात एक अंगठा उमटलेला होता,
कुणा बोरसेबाईंचा असावा, जुन्या पावतीवर ते नाव आहे.
सात वर्षं मी
एका न पाहिलेल्या बाईच्या तळव्यात तळवा घालून
नेम धरत होते
आणि चुकलं की स्वतःलाच बोलत होते.

"तुना हात दखाड," मिस्तरी म्हणाले.
सिमेंटच्या गोणीचा कागद, त्यावर माझी बोटं,
भोवतीनं सुताराची जाड पेन्सिल.
करंगळीपाशी ती अडली.
लहानपणी दारात सापडलेली करंगळी.
"मंग मूठ बी वाकडीच करनी पडी."
आजवर कुणी इतक्या सहज
माझ्या बाजूनं बोललेलं आठवत नाही.

फळीखालून त्यांनी एक तांबूस काळा तुकडा काढला.
अंजन. कधीच्या कुणाच्या बैलगाडीचा उरलेला.
"याले कुऱ्हाड बी इचारीसन लागस," म्हणाले
आणि थुंकी लावून मला त्याचा रंग दाखवला.

सिलिंडर, दोन सील, टपालखर्च,
सगळं मिळून तीस हजारांच्या आत.
मुठीचे बाराशे.
वीस हजारांचे छर्रे मागवले,
रोज साठ उडवले तरी वर्ष जाईल.
बाकीचे पैसे बँकेत आहेत
आणि निळ्याचा फोटो फोनमध्ये.
रात्री कधी कधी मोठा करून बघते,
त्यात लपवण्यासारखं काही नाही.

परवा मूठ आणली.
तळव्याशी अजून जाड लागते.
घासून द्या म्हटलं तर म्हणाले, राहू दे,
हात बदलतो, मग काय लावशील, पुन्हा लांबी?
करंगळी मात्र अशी बसली,
की ती वाकडी आहे हे विसरायला झालं.

बिलावर त्यांनी लिहिलंय,
विळ्याची मूठ, नग एक.
पिस्तूल लिहायला हात धजला नाही म्हणे.
खाली अंगठ्याएवढी सही.